बाई म्हणजे कोण?

४ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद शेवटी. आधी काम. पत्र कुणाचं आहे ते कळल्यावर तू दोन ओळी वाचशील आणि ते कुठेतरी सारून ठेवशील, म्हणून काम आधीच उरकते. मला तुझी परवानगी हवी आहे. हो, मला, आणि तुझी. आता पाणी पी आणि पुढे वाच.

आमची मालिका बंद होतेय. शेवटचा भाग पुढच्या महिन्यात. सात वर्षांपूर्वी पहिल्याच भागात मी मेले आणि तेव्हापासून त्या दिवाणखान्याच्या भिंतीवर फोटो होऊन बसलेय. माझ्यासमोर माणसं भांडली, लग्नं जमली, मोडली, दोघांनी माझ्याकडे बघून खोट्या शपथा घेतल्या, आणि नवऱ्यानं माझ्याकडे पाठ करून दुसरीला मागणी घातली. मी हूं की चूं केलं नाही. सगळी मिळून चार मिनिटं जिवंत होते मी त्या मालिकेत. पण सात वर्षं रोज रडणाऱ्या नायिकेनं चष्मा लावला की तिला कुणी ओळखत नाही, आणि मला लोक पाठमोरी ओळखतात. भाजी घेताना, बँकेत, जिन्यात. प्रश्न सगळ्यांचा एकच: "सांगा ना, बाई कोण?"

हे तुला नव्यानं सांगायला नको. तू मालिका बघतेस हे तुझ्या लेकीनं मला सांगितलंय, तेव्हा "मी कुठली बघते" असं मनातसुद्धा म्हणू नकोस.

परवा मालिकेचा लेखक घरी आला होता. गरीब बिचारा माणूस, सात वर्षांत डोक्यावरचे निम्मे केस गेलेत त्याचे. चहाचा कप हातात घेतला आणि प्यायचं विसरला.

"ताई, आता तुम्हीच वाचवा," म्हणाला. "मरताना तुम्ही डावीकडे बघितलंत आणि 'बाई' म्हणालात. त्या एका शब्दावर आम्ही सात वर्षं काढली. तुमच्या नवऱ्याची बाहेरची बाई झाली. कामाची बाई झाली. मुलीच्या शाळेतल्या बाई झाल्या. सासूला माहेरी बाई म्हणायचे, तेही वापरून झालं. आता एक बाई शिल्लक नाही. आणि शेवटच्या भागात खरी बाई कोण ते सांगितलं नाही, तर लोक स्टुडिओ फोडतील. तुमच्या मनात त्या वेळी नक्की कोण होतं हो?"

मी त्याला म्हटलं, आठवडाभरानं सांगते. कारण यात अर्धा वाटा तुझा आहे.

बाई म्हणजे कुणीच नाही, हे जगात आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. ते आपलं "अगं बाई" होतं. बावीस वर्षं मी रंगमंचावर उभी राहिले आणि बावीस वर्षं तू डाव्या विंगेत संहिता धरून उभी राहिलीस. माझी ओळ गेली की मी म्हणायचे, "अगं बाई!" आनंदाचा प्रवेश असो, भांडणाचा असो, कुणी मेलेलं असो, "अगं बाई" कुठेही खपून जातं. प्रेक्षकांना वाटायचं नाटकातलंच आहे. तुला तेवढ्यावरून कळायचं की ताई अडकली, आणि तू पुढच्या ओळीचे पहिले दोन शब्द माझ्याकडे सोडायचीस. फक्त दोन. "ओळीचं तोंड द्यायचं, शेपूट नाही," हे तुझं तत्त्व. नाटकवाल्यांपैकी कुणालाही ही खूण कधी कळली नाही.

मालिकेतल्या त्या मरणाच्या बिछान्यावर मला इतकंच म्हणायचं होतं: "माझ्या मुलीला सांभाळा, तिला कधी एकटं पाडू नका." शेंबडं पोरही म्हणेल अशी ओळ. तेव्हा मालिका त्या मुलीच्या वाढण्याची होणार होती, भानगडींची नव्हे. आणि ऐन वेळी ओळ गेली. सवयीनं तोंडातून "अगं बाई" निघालं, सवयीनं डोळे डावीकडे गेले. मरणाऱ्या बाईला आवाज तो किती असणार. "अगं" घशातच राहिलं आणि नुसतं "बाई" बाहेर पडलं. डावीकडे तू नव्हतीस. मग माझा चेहरा जसा झाला तसा झाला, आणि दिग्दर्शक खुर्ची उलथून टाळ्या वाजवत उठला. लेखकानं पुढचं सगळं लिखाण फाडून नव्यानं मांडलं.

मी सगळ्यांना सांगितलं की ते मला उत्स्फूर्त सुचलं. मुलाखतीतही सांगितलं. त्याची मला लाज नाही. शब्द सवयीचा असेल, चेहरा माझा होता.

तर सांगू का त्याला खरं? एका कार्डावर हो किंवा नाही लिहून टाक. आपण बोलत नाही हे माझ्या लक्षात आहे. लिहायला काय हरकत आहे?

आशीर्वाद.

ताई


१२ जानेवारी

धाकटे,

तुझ्या उत्तराची वाट बघून थकले असं नाही, पण पोस्टमनला मी दोनदा जिन्यात गाठलं हे खरं.

रविवारी तुझी लेक आली होती. मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "मावशी, आईनं तुझं पत्र दोनदा वाचलं. मग लाल पेन घेतलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि कपाटात ठेवलं." छापखान्यात मुद्रितं तपासून तपासून तुझं हे झालंय. सख्ख्या बहिणीच्या पत्रात चुका काढतेस आणि उत्तर मात्र देत नाहीस. माझा नुसता तिळपापड झाला. कुठल्या दोन ठिकाणी, ते कळव.

तू गप्पच बसणार असशील तर मीच बोलते. सात वर्षं मी मूग गिळून बसले, आता बास.

त्या शेवटच्या प्रयोगाला तू मला ओळ दिली नाहीस.

दुसरा अंक. नाटकातला नवरा समोर उभा, नाट्यगृह भरलेलं, आणि मला म्हणायचं होतं, "या घराला दारं दोन आहेत, मी कुठल्या दारानं जायचं ते तरी सांगा." सव्वातीनशे प्रयोगांत म्हटलेली ओळ. गेली. मी "अगं बाई" म्हटलं. तू गप्प. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तू गप्पच. नाटकातला नवरा खोकला, डोळे वटारून विंगेकडे बघायला लागला, त्यालाही तुझा राग आला असणार. मी तुझ्याकडे वळून बघितलं. तू उभी होतीस, संहिता छातीशी, माझ्याकडे टक लावून. शेवटी मी हातातला कप टेबलावर आपटला आणि निघून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो भाग वेगळा.

कारण मला ठाऊक आहे. मालिका घेतली हे मी तुला सांगितलं नव्हतं. अर्धा तास आधी तुला ते कपडेपटाच्या बाईंकडून कळलं. मी प्रयोग संपल्यावर सांगणार होते. खरंच सांगणार होते, आधी कळलं असतं तर तू रडली असतीस आणि मग मला रंगमंचावर उभं राहता आलं नसतं. पण तू त्याचा सूड भरल्या नाट्यगृहात उगवलास. भांडायचं होतं तर घरी भांडायचंस. शिव्या द्यायच्यास. रंगमंचावर माणसाला असं एकटं सोडतात का गं?

मेकअपच्या खोलीत मी तुला म्हटलं, "गप्पच बसायचं होतं, तर तिकीट काढून समोर बसायचंस." तू पाठमोरी उभी राहून पेटी बंद करत होतीस. काहीतरी पुटपुटलीस आणि निघून गेलीस. माफी तर नाहीच, धड उत्तरही नाही.

आणि मग महिन्याभरानं, त्या बिछान्यावर, पुन्हा तेच. मी हाक मारली आणि डावीकडून काही आलं नाही. लोक ज्या चेहऱ्यावर सात वर्षं फिदा आहेत ना, तो मरणाऱ्या बाईचा चेहरा नाही. तो तुझ्या गप्प बसण्याचा चेहरा आहे.

तरी तुझी आठवण येते. रोज येते. हे एक वाक्य लाल पेनानं खोडू नकोस.

ताई


२१ जानेवारी

धाकटे,

तुझं "हो" आलं नाही, "नाही"ही आलं नाही. तेव्हा मी मधला मार्ग काढला. लेखकाला खूण सांगितली नाही. इतकंच म्हटलं, "डावीकडे कुणीतरी उभं होतं. कॅमेऱ्याला दिसत नव्हतं. आणि त्यानं ऐन वेळी तोंड उघडलं नाही." माणूस ताडकन उठला, चहा सांडला, आणि घरी पळाला. दोन दिवसांत शेवटचा प्रवेश लिहून पाठवलाय. त्याची प्रत सोबत जोडलीय, वाच. चुका काढ, त्याच्या काढ.

थोडक्यात सांगायचं तर असं: मरणाऱ्या सुनेची एक मोठी बहीण, माहेरी तिला सगळे बाई म्हणायचे. दोघींचं बिनसलेलं. शेवटच्या घटकेला ती डावीकडच्या दाराबाहेर येऊन उभी राहिली होती, पण आत आली नाही, बोलली नाही. आता मुलगी मोठी झालीय, तिला ते सगळं कळतं, आणि मग पुन्हा तो पहिल्या भागातला बिछाना दिसतो. मी दाराकडे बघून पूर्ण वाक्य म्हणते: "बाई... तू बोलली नाहीस, पण मला ऐकू आलं."

दिग्दर्शक वाचताना रडला म्हणे. लेखक स्वतःवर इतका खूश आहे की त्याचे केस परत उगवतील.

मला मात्र ते वाक्य म्हणता येत नाही. येतं, म्हणजे पाठ झालंय. माझं पाठांतर आता चोख आहे, रोज भांडी आवरताना म्हणते. पण "पण मला ऐकू आलं" पाशी आले की जीभ अडते. मला ऐकू आलं नव्हतं. सात वर्षं ज्या गोष्टीचा राग धरला, ती गोड हसून माफ कशी करू? माफी मागायला समोर कुणी नाही, आणि मी आपली चारचौघांत माफ करून मोकळी. खोटं बोलायला माझी ना नाही, तोच माझा धंदा. पण हे खोटं तुझ्यासमोरचं आहे.

तुझी लेक माझ्याकडून तालीम करून घेते. पोरगी गुणी आहे, पण बोलते अशी तोंडातल्या तोंडात की जीव नकोसा होतो. काल टेबलाशी माझ्या शेजारी बसून ती मुलीच्या भूमिकेची वाक्यं म्हणत होती. मी दोनदा म्हटलं, "अगं, सुरुवात कर ना." तर म्हणे, "मावशी, मी तिसऱ्यांदा म्हणतेय." मग उठून समोर येऊन बसली आणि असं ओरडायला लागली की शेजारचे दार उघडून बघायला आले. वर मलाच सांगते, "तू कानाच्या डॉक्टरकडे चल." मी म्हटलं, बाळा, कान माझे ठणठणीत आहेत, तुमच्या पिढीला तोंडं उघडायचा कंटाळा आहे. फोनसुद्धा हल्ली कसले बनवतात, डाव्या हातात धरला तर नुसती खरखर. मुकाट उजवीकडे घ्यावा लागतो.

शूटिंग एक तारखेला आहे. स्टुडिओचा पत्ता प्रतीच्या मागे लिहिलाय. तू यावंस असं मी म्हणत नाही. पण आलीस तर कुणी अडवणार नाही, तुझं नाव दारावर देऊन ठेवलंय.

खरं सांगू का? भीती वाटतेय. इतरांना दिसत नाही, पण वाटतेय. तिथे ओळ गेली तर मी "अगं बाई" म्हणेन आणि डावीकडे बघेन, आणि पुन्हा तेच होईल. ते मला दुसऱ्यांदा... तिसऱ्यांदा सोसणार नाही.

ताई


३ फेब्रुवारी

धाकटे,

तू आली नाहीस. दारावरच्या माणसाला मी पाच वेळा विचारलं. शेवटी तो मला बघितल्याबरोबर मान हलवायला लागला.

आता जे लिहितेय ते शांतपणे वाच. मीही शांतपणे लिहितेय, म्हणजे तिसऱ्यांदा लिहितेय, आधीचे दोन कागद फाडले.

परवा सकाळी स्टुडिओत गेले तर माझं थाटात स्वागत. तोच बिछाना काढलेला, तीच चादर. कपडेही तेच, कमरेत सैल करावे लागले एवढंच. साउंडचा माणूस पहिल्या भागाच्या वेळचाच आहे. माझ्या पदराला माइक लावताना हसायला लागला.

मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही ताई, तुमच्या त्या दिवसाची आठवण झाली. तुमच्या त्या 'बाई'नं माझा अर्धा दिवस खाल्ला होता."

"तो कसा?"

"अहो, आमच्या असिस्टंटनं तुम्हाला ओळ दिली होती ना डाव्या बाजूनं, दिव्यांमागच्या अंधारातून! 'माझ्या मुलीला, माझ्या मुलीला' म्हणून. आधी हळू दिली, मग चांगली मोठ्यानं दिली. दिग्दर्शकांनी श्वासही घेऊ नका म्हणून बजावलेलं, तरी बिचारीनं दिली. सगळी रेकॉर्ड झाली. ती पुसता पुसता माझ्या नाकी नऊ आले." आणि मग म्हणतो, "पण मानलं हं तुम्हाला. कानाशी कुणी ओरडतंय आणि चेहऱ्यावर कसं, जसं काही कुणी एक अक्षर बोलतच नाहीये. त्याला म्हणतात अभिनय."

असिस्टंट तिथेच उभी होती. तिनं मान डोलावली. "मला वाटलं तुम्ही मुद्दामच कानाडोळा केलात," म्हणाली. "मी खूप दिवस मनाला लावून घेतलं होतं."

मी हसले. काहीतरी विनोदही केला बहुतेक. मग पाच मिनिटं मागून घेतली आणि मेकअपच्या खोलीत जाऊन दार लावलं.

टेबलावर पंखा चालू होता, जुना, घरघर करणारा. मी उजव्या कानात बोट घातलं. पंखा गप्प झाला. पाती फिरत होती, केस उडत होते, आवाज नाही. बोट काढलं, घरघर सुरू. पुन्हा घातलं. किती वेळा केलं कुणास ठाऊक. मेकअपवाली आत आली तेव्हा मी कानात बोट घालून आरशासमोर रडत होते आणि तिला वाटलं, भूमिकेत शिरतेय.

धाकटे, तू ओळ दिली होतीस.

हो ना? पहिल्यांदा दिलीस, "या घराला." मग मोठ्यानं दिलीस. पुढच्या रांगेतल्या लोकांनासुद्धा ऐकू गेली असेल. नाटकातला नवरा डोळे वटारून विंगेकडे बघत होता तो तुझ्यावर चिडून नव्हे, मला सांगत होता, अगं ऐक, ती देतेय. आणि मी काय केलं? वळून थेट तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि तोंड फिरवलं. तुला काय वाटलं असेल! मालिका मिळाली, आता हिला माझ्या तोंडची ओळसुद्धा नको. भर रंगमंचावर, सगळ्यांदेखत. आणि वर आत येऊन मी तुला म्हणते, तिकीट काढून समोर बस.

सात वर्षं तू मालिका बघितलीस. म्हणजे पहिल्या भागातला तो चेहराही बघितला असशील. मी डावीकडे बघतेय आणि तिथून काही आलेलं नाही. तुला तो पाहून काय वाटलं, हे मला विचारायचं धाडस नाही.

मग शूटिंग. दिवे लागले. मी पडून होते, छतावरच्या लोखंडी पट्ट्या बघत. ओळ गेली नव्हती. शब्दन् शब्द डोक्यात होता, लेखकाचा, स्वल्पविरामासकट. असिस्टंट डावीकडे कागद धरून तयार, या वेळी तिला दिग्दर्शकानंच उभं केलं होतं. मी डावीकडे मान वळवली. "बाई," म्हटलं. सगळा श्वास लावून म्हटलं. आणि मग म्हणाले:

"तू बोललीस, पण मला ऐकू आलं नाही."

मला ते म्हणायचं नव्हतं. म्हणजे होतं, पण तिथे नाही. तुला सांगायचं होतं. ते तिथेच बाहेर पडलं.

असिस्टंट कागदाकडे बघते, माझ्याकडे बघते. लेखक मागून धावत आला. मला वाटलं, आता हा बोंब मारणार. तो मध्येच थांबला आणि पुटपुटत बोटांवर काहीतरी जुळवायला लागला. मी उजवा कान पुढे केला तेव्हा समजलं: "म्हणजे बहीण गप्प नव्हतीच. सात वर्षं जिला सगळ्यांनी दोष दिला ती दारातून हाका मारत होती. आणि हिला... अरे देवा." दिग्दर्शकानं डोळे पुसले आणि म्हणाला, हाच ठेवायचा, दुसरा टेक नको. दुपारी जेवताना लेखक सगळ्यांना सांगत होता की ही कल्पना त्याच्या मनात आधीपासूनच होती. मी म्हटलं, असू दे. मीही सात वर्षं "उत्स्फूर्त" म्हणत होते की.

भाग बावीस तारखेला लागेल. बघ. बघणार नसशील तर निदान ऐक. आपल्या दोघींपैकी तुला तरी दोन्ही कानांनी ऐकू येतं.

आशीर्वाद मी दरवेळी लिहिते का गं? मागच्या दोन पत्रांत राहून गेले वाटतं. सगळे एकदम घे.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन खाली फाटकाशीच ओरडला, "आलं हो!" आणि मला ऐकू आलं, दुसऱ्या मजल्यावर. का ते पुढे सांगते.

सात वर्षांनी सख्ख्या बहिणीचं कार्ड येतं आणि त्यावर काय असतं? "ओळ उलटी म्हणालीस. प्रतीत वेगळी आहे." पूर्णविराम. ना ताई, ना सही, ना खुशाली. "उलटी" खाली लाल रेघ. मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि इतकी हसले की वरच्या काकू पाणी घेऊन आल्या.

तर ऐक. ओळ मी उलटी म्हटली नाही. लेखकानं ती उलटी लिहिली होती, कारण मी त्याला उलटं सांगितलं होतं. मी सुलटी केली. बावीस वर्षं तू मला संहितेत लिहिलेलं तेच बोलायला लावलंस, एक "च" इकडचा तिकडे होऊ दिला नाहीस. या एकदाच मी प्रतीबाहेरचं बोलले आणि तेच खरं निघालं. या भांडणात मी हरणार नाही, आताच सांगून ठेवते.

शेवटचा भाग लोकांना आवडला. भाजीवालीनं मला घट्ट मिठी मारली. मालिका संपली, माझा फोटो भिंतीवरून उतरवला, मी मागून घरी आणलाय आणि पलंगाखाली ठेवलाय. मला आता कुणी विचारत नाही, बाई कोण. मला वाटलं होतं चुकल्यासारखं होईल, पण होत नाही.

तुझ्या लेकीनं मला कानाच्या डॉक्टरकडे नेलंच. डॉक्टर बाई तरुण होत्या, मला ओळखून लाजल्या. तपासून म्हणाल्या, डावा कान हळूहळू जात जात गेलाय, चांगली दहाएक वर्षं तरी, मला कळलं कसं नाही? मी म्हटलं, नाटकात समोरच्याची सगळी वाक्यं मला पाठ असायची, ओठ हलले की मला ऐकू आल्यासारखंच वाटायचं. ज्याचे ओठ दिसत नव्हते असं एकच माणूस होतं, आणि ते विंगेत, अंधारात, उभं असायचं. डॉक्टर बाई लिहिता लिहिता थांबल्या.

आता यंत्र बसवलंय. भयंकर प्रकार आहे. माझ्या चपला इतक्या वाजतात हे मला माहीत नव्हतं. फ्रीज बोलतो. वरच्या काकू गातात आणि फार वाईट गातात. तुझ्या लेकीचं बोलणं स्वच्छ आहे, तिची मी जाहीर माफी मागितली. पण यंत्रावर माझा अजून विश्वास बसलेला नाही, तेव्हा महत्त्वाचं काही असेल तर उजव्या बाजूनंच सांगायचं.

आणि महत्त्वाचं आहे. त्या दिवशी मेकअपच्या खोलीत मी तुला ते तिकिटाचं बोलले तेव्हा तू माझ्या डाव्या बाजूला, पाठमोरी होतीस. पेटीचं झाकण लावता लावता तू काहीतरी बोललीस. मी सात वर्षं सगळ्यांना सांगत आले, "पुटपुटली आणि गेली." तू पुटपुटणाऱ्यातली नाहीस. बावीस वर्षांत तुझा एक शब्द कधी अस्पष्ट आला नाही, आणि त्याच दिवशी कसा येईल? तू मला काहीतरी स्पष्ट सांगून गेली होतीस. मला वाटलं तू उत्तर दिलं नाहीस. तुला वाटलं मी ते ऐकूनही तोंड फिरवलं.

काय होतं ते?

लिहू नकोस. लिहायला बसलीस की तू शब्द खोडशील, पुन्हा लिहिशील, ऱ्हस्व-दीर्घ बघशील आणि तोवर तुझा राग निवून जाईल. मला तो तेव्हा होता तेवढाच हवाय. शिव्या असतील तर शिव्या दे. मी सगळं पूर्ण ऐकून घेईन, मध्ये एक शब्द बोलणार नाही.

ये. माझ्या उजव्या बाजूला बस, आणि मोठ्यानं सांग.

ताई